पार्क केलेल्या गाडीला कुणी ठोकून गेलं? मग या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी मी आणि आई दादरला खरेदीला गेलो होतो. गाडी एका पे अँड पार्कमध्ये लावली होती. तीन तासांनी पिशव्या घेऊन परत आलो, तर मागच्या डाव्या दारावर, जमिनीपासून अडीच वीत उंचीवर, हातभर लांब लाल पट्टा. आमची गाडी पांढरी. मी काय केलं, तर रुमाल ओला करून तो पट्टा घासायला घेतला. नुसता रंग लागलाय की खाली चरा आहे, एवढंच मला बघायचं होतं. आई ‘अगं थांब’ म्हणेपर्यंत बराचसा लाल रंग रुमालावर आला होता.

तेवढ्यात पावती फाडणारा मुलगा आला. “ताई, ते आधीचंच असणार.” माझ्याकडे गाडी लावतानाचा एकही फोटो नव्हता, आणि ठोकणाऱ्या गाडीची जी एकमेव खूण होती ती मीच पुसून टाकली होती. पुढे काहीच झालं नाही. दार स्वतःच्या पैशानं करून घेतलं.

तेव्हापासून ओळखीत कुणाच्याही गाडीला असं झालं की मला फोन येतो. बहुतेकांची चूक पहिल्या दहा मिनिटांतच झालेली असते.

गाडी हलवू नका, पुसू नका

मुंबईत मागचा हॉर्न वाजवत असतो, वॉचमन ‘मॅडम, बाजूला घ्या ना’ म्हणत असतो. तरी दोन मिनिटं थांबाच. आधी लांबून फोटो काढा, ज्यात आपली नंबरप्लेट आणि खांबावरचा पार्किंग क्रमांक एकत्र दिसेल. मग चारही कोपऱ्यांतून. मग जवळून, आणि जवळच्या फोटोत शेजारी पेन किंवा नाणं धरा म्हणजे आकार कळतो. चऱ्याची जमिनीपासूनची उंची नक्की मोजा. टेप नसेल तर विती मोजा. संशयित गाडी नंतर सापडली, तर तिच्या बंपरवरची खूण त्याच उंचीवर आहे का, हे पाहता येतं. शेजारी उभ्या असलेल्या गाड्यांचे नंबरही फोटोत घ्या, कारण दार उघडताना बसलेला पोचा नेहमी शेजारच्याच गाडीचा असतो.

खाली वाकून जमीन बघा. लाल किंवा नारिंगी प्लास्टिकचे तुकडे असतील तर ते टेललॅम्पचे किंवा इंडिकेटरचे असतात. त्यावर पुष्कळदा कंपनीचं चिन्ह किंवा पार्टचा क्रमांक कोरलेला असतो, म्हणजे गाडीचं मॉडेल कळू शकतं. झाडूवाला येण्याआधी ते पिशवीत टाका.

चरा कसा आहे, तेही नीट पाहा. बंपरच्या उंचीवर, पोच्यासह, दुसरा रंग लागलेला असेल तर गाडी घासली आहे. कमरेच्या उंचीवर, दोन-तीन दारांवरून एकसलग नागमोडी गेलेली बारीक रेघ असेल, तर ती बहुधा कुणीतरी किल्लीनं मारलेली असते. या दोन गोष्टींची पुढची वाट वेगळी आहे.

सीसीटीव्हीचं ‘उद्या बघू’

माझ्या मते सगळ्यात महागडी चूक ही. सोसायटीचा असो वा मॉलचा, डीव्हीआर, म्हणजे फुटेज साठवणारं यंत्र, भरलं की जुन्या फुटेजवर नवं चढतं. कुठे महिनाभर राहतं, कुठे आठवड्यातच जातं. सेक्रेटरी गावाला गेलेत, मॅनेजर सोमवारी येतील, असं करता करता फुटेज संपून जातं.

म्हणून त्याच दिवशी लेखी द्या. साधा ईमेल चालतो: अमुक तारखेला, अमुक ते अमुक वेळेत, अमुक क्रमांकाच्या जागेवरचं फुटेज पुसू नका, जपून ठेवा. आधी दाखवा म्हणून भांडू नका, आधी जपायला सांगा. बऱ्याच सोसायट्या ‘इतरांची प्रायव्हसी’ म्हणून फुटेज दाखवायला कां-कूं करतात, पण जपून ठेवायला सहसा कुणी नाही म्हणत नाही. पुढे पोलिसांनी मागितलं तर ते द्यावंच लागतं.

दाखवलं तर मोबाइलवर स्क्रीनचं चित्रण करून घ्या आणि त्यात स्क्रीनवरची वेळ येऊ द्या. मग आपल्या घड्याळाची वेळही त्याच चित्रणात दाखवा. डीव्हीआरचं घड्याळ दहा-वीस मिनिटं पुढेमागे असणं अगदी नेहमीचं आहे, आणि गेटवरच्या रजिस्टरशी वेळ जुळवताना तो फरक माहीत असावा लागतो. कॅमेऱ्यात नंबर दिसत नसला तरी गाडीचा रंग आणि वेळ मिळाली, की व्हिजिटर रजिस्टरमधून नंबर निघतो. नंबर मिळाला की एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचं मॉडेल आणि इन्शुरन्स चालू आहे का, ते दिसतं. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असतं, त्यामुळे घरी जाऊन भांडायचा बेत करू नका. ते काम पोलिसांचं.

‘पार्किंग गाडीमालकाच्या जबाबदारीवर’ हा बोर्ड वाचून परत फिरणं

हा बोर्ड सगळीकडे असतो आणि तो पाहून निम्मे लोक बोलायचंच सोडून देतात. नोव्हेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या प्रकरणात निकाल दिला. 1998 मध्ये पाहुण्यानं गाडी व्हॅलेच्या, म्हणजे गाडी लावून देणाऱ्या हॉटेलच्या माणसाच्या, हाती दिली होती आणि ती चोरीला गेली. टोकनवर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असं छापलेलं होतं. न्यायालयानं सांगितलं की गाडी ताब्यात घेतल्यावर तिची वाजवी काळजी घेणं हॉटेलचं कर्तव्य आहे, आणि स्वतःचा निष्काळजीपणा अशा छापील ओळीमागे लपवता येत नाही.

यातली मेख आहे किल्ली. किल्ली त्यांच्या माणसाकडे दिली असेल तर आपली बाजू भक्कम. आपणच गाडी लावून किल्ली खिशात घातली असेल, तर त्यांनी फक्त जागा दिली, असा युक्तिवाद ते करू शकतात. म्हणून व्हॅलेला गाडी देताना गाडीभोवती एक चक्कर मारत तीस सेकंदांचा व्हिडिओ काढा, आणि परत घेताना टोकन देण्याआधी गाडी बघून घ्या. तिथेच लेखी तक्रार द्या, तिची पोच घ्या, पावती फेकू नका. पैसे देऊन घेतलेली सेवा असल्यानं ग्राहक आयोगाकडे जाता येतं, त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी विचारूनही घेता येतं.

हिशोब न करता क्लेम टाकणं

छोट्या नुकसानीसाठी क्लेम करू नका म्हटलं की लोक मला वेड्यात काढतात, म्हणून आकडेच मांडते. समजा तुमच्या पॉलिसीत ‘ओन डॅमेज’चा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, मूळ प्रीमियम 12,000 रुपये आहे आणि पाच वर्षं क्लेम नसल्यानं तुम्हाला 50 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे एनसीबी मिळतोय. क्लेम केला की पुढच्या वर्षी तो शून्य. मग पुन्हा 20, 25, 35, 45 असं चढत 50 वर यायला पाच वर्षं. प्रीमियम तेवढाच धरला तर पहिल्या वर्षी 6,000 जास्त जातील, मग 3,600, 3,000, 1,800 आणि 600. एकूण 15,000 रुपये.

त्यावर सक्तीचा स्वतःचा हिस्सा असतो: 1,500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1,000 रुपये, त्यावरच्या गाडीला 2,000. झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर 50 टक्के घसारा कापला जातो, आणि बंपर प्लास्टिकचाच असतो. म्हणजे आठ-नऊ हजारांच्या बंपरसाठी क्लेम करणारा माणूस स्वतःच्याच खिशातून पैसे काढून कंपनीला देतो. माझ्या मामेभावानं मुलुंडला नेमकं हेच केलं, आणि पुढच्या वर्षी रिन्यूअलचा मेसेज आल्यावर मला फोन केला. क्लेमनंतरही बोनस टिकवणारं एनसीबी प्रोटेक्टचं कव्हर घेतलं असेल तर गणित बदलतं, तेव्हा आधी पॉलिसी उघडून बघा.

‘समोरच्याच्या इन्शुरन्समधून घेऊ’ हेही ऐकायला बरं वाटतं. खासगी गाडीच्या थर्ड पार्टी पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी 7.5 लाखांपर्यंत कव्हर असतं खरं, पण ते मिळवायला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. बंपरसाठी कुणी तिथवर जात नाही. समोरचा माणूस सापडला असेल तर गॅरेजचं लेखी एस्टिमेट दाखवून पैसे घेणं सोपं.

पण जागच्या जागी ‘दोन हजार घ्या नि मिटवा’ला हो म्हणू नका. प्लास्टिकचा बंपर दाबला गेला तरी बाहेरून पूर्ववत होतो, आतल्या क्लिपा आणि ब्रॅकेट मात्र तुटलेले असतात. पार्किंग सेन्सर वाकडे झालेले महिन्यानं कळतात. नंबर घ्या, व्हॉट्सॲपवर ‘आज अमुक ठिकाणी माझ्याकडून तुमच्या गाडीला धक्का लागला’ एवढं लिहून घ्या, आणि एस्टिमेट दुसऱ्या दिवशी पाठवा.

क्लेम करायचाच ठरला तर कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअरनं, म्हणजे नुकसान तपासणाऱ्या माणसानं, पाहिल्याशिवाय दुरुस्तीला हात लावू देऊ नका. गॅरेजवाला म्हणेल, जुने चरेही यातच घालू, पूर्ण गाडी नवी करून देतो. नको. जुन्या चऱ्यात गंज धरलेला असतो, मळ बसलेला असतो, रेघांची दिशा वेगळी असते; सर्व्हेअर रोज हेच बघतो. खोटी माहिती दिल्याचं कारण देऊन पूर्ण क्लेम नाकारला जाऊ शकतो. खरा क्लेम विनाकारण नाकारला गेला, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे, मग विमा लोकपालाकडे जा. लोकपालाकडे फी लागत नाही.

पोलिसांकडे कधी जायचं

काच फोडून काही नेलं असेल, लोगो किंवा आरसा चोरीला गेला असेल, तर ती चोरी आहे, एफआयआर घ्याच. गाडीत ठेवलेला लॅपटॉप किंवा पर्स मात्र नेहमीच्या मोटार पॉलिसीत येत नाही. किल्लीनं मारलेला चरा हे मुद्दाम केलेलं नुकसान. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम 324 मध्ये येतं. चुकून लागलेला धक्का या कलमात बसत नाही, तेव्हा पोलीस ‘एनसी’, म्हणजे अदखलपात्र नोंद, करून घेतात किंवा नुसता अर्ज घेतात. तेही चालेल. तारीख आणि वेळेसह शिक्का मिळणं महत्त्वाचं.

ज्यात कुणी ठोकलेलंच नसतं

स्टिल्टमध्ये किंवा बेसमेंटमध्ये गाडी लावणाऱ्यांना हे माहीत असेल: पावसाळ्यात स्लॅबमधून ठिबकलेलं पाणी बॉनेटवर सुकतं आणि पांढरे, दगडासारखे घट्ट डाग राहतात. तो सिमेंटमधला चुना. लोक ब्लेडनं किंवा भांड्यांच्या घासणीनं खरवडतात आणि डागाबरोबर रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोटही काढतात. व्हिनेगर निम्मं पाणी घालून कापडावर घ्या, डागावर दोन-तीन मिनिटं ठेवा, हलकेच पुसा आणि लगेच भरपूर पाण्यानं धुवा. गाडी उन्हात तापलेली असताना करू नका. डाग जुना असेल तर डिटेलिंगवाल्याकडेच द्या. आणि सोसायटीला गळतीबद्दल लेखी कळवा, फोटोसकट. दरवर्षी तोंडी सांगून काही होत नाही.

यंत्रानं गाड्या एकावर एक ठेवणाऱ्या स्टॅक पार्किंगमध्ये आरसे न मिटता गाडी चढवणं आणि रूफ कॅरिअर असलेली उंच गाडी खालच्या कप्प्यात घालणं, या दोन चुका ऑपरेटरच्या नावावर खपवता येत नाहीत. वरच्या गाडीतून किंवा यंत्रातून तेल गळत असेल तर मात्र तत्काळ फोटो काढून कळवा.

झाड पडलं, तर फांद्या कापायला अग्निशमन दल येण्याआधी फोटो काढा आणि पालिकेच्या 1916 वर कळवा, म्हणजे नोंद राहते. अशा नुकसानीला पूर्ण पॉलिसी लागते, नुसती थर्ड पार्टी असेल तर काही मिळत नाही. जून 2021 मध्ये घाटकोपरच्या एका सोसायटीत तर उभी गाडी झाकलेल्या जुन्या विहिरीत गेल्याचं सगळ्यांनी व्हिडिओत पाहिलं होतं. जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत राहणाऱ्यांनी आवाराखाली काय आहे ते विचारून ठेवावं. बेसमेंटमध्ये पाणी शिरलं असेल तर चालू होते का बघू म्हणून किल्ली फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की आतले भाग वाकतात, आणि इंजिन प्रोटेक्टचं जादा कव्हर नसेल तर कंपनी ते नुकसान तुमच्यावर टाकते. गाडी टो करूनच न्या.

चरा पत्र्यापर्यंत गेला असेल तर मुंबईच्या खाऱ्या हवेत, त्यातही पावसात, काही दिवसांतच गंज धरतो. नख फिरवून बघा: नख अडकत नसेल तर रबिंग कंपाउंडनं निघेल, अडकत असेल आणि तळाशी पत्रा चमकत असेल तर फोटो आणि सर्व्हे झाल्यावर लगेच टच-अप पेन फिरवा. नीट पेंटिंग नंतर करता येईल.

आणि धक्का आपल्याकडून लागला असेल तर चिठ्ठी लिहा. नाव, नंबर, वेळ. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 प्रमाणे दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर पोलिसांनी विचारल्यावर माहिती देणं आणि आपल्या विमा कंपनीला कळवणं हे चालकाचं कर्तव्य आहे. पावसाळ्यात चिठ्ठी वायपरखाली तशीच ठेवू नका, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा, आणि वॉचमनलाही नंबर देऊन जा.