पेंढा भिंतीत घालायचाय ना? मग आधी ओल मोजा, बाकीचं नंतर

काढणी चालू आहे, आभाळ रोज भरून येतंय आणि या हंगामात बरेच जण म्हणताहेत की पेंढा जाळायचा नाही, गठ्ठे बांधायचे आणि घराच्या, गोठ्याच्या नाहीतर शेडच्या भिंतीत छतात भरायचे म्हणजे उन्हाळ्यात आत तापणार नाही आणि थंडीत गारठणार नाही. विचार एकदम बरोबर आहे. पण एक गोष्ट आत्ताच ऐका, बाकी सगळं विसरलात तरी चालेल: ओला पेंढा बांधू नका, आणि कोरडा बांधलेला गठ्ठा भिजू देऊ नका.

पेंढ्याच्या भिंती वाया गेलेल्या मी जेवढ्या पाहिल्यात त्यात आगीने गेलेली एखादीच असेल, उंदरा-वाळवीने थोड्या, बाकी सगळ्या ओलीने गेल्या. आणि त्यातल्याही बऱ्याचशा भिंत उभी राहायच्या आधी शेतातच गेलेल्या होत्या, कारण गठ्ठा बांधताना आत ओल राहिली, मग बाहेरून आठ दिवसांत तो खडखडीत वाळला, सोनेरी दिसायला लागला, माणसाने हात लावून बघितलं, कोरडा आहे म्हणाला, भिंतीत घातला, वरून गिलावा केला आणि सहा महिन्यांनी घरात कुबट वास. गिलावा फोडला तर आत काळी बुरशी आणि भुसा झालेला. घट्ट दाबलेल्या गठ्ठ्याच्या पोटात वारा जात नाही, तिथली ओल बाहेर यायला फार वेळ लागतो. बाहेरच्या रंगावर जाऊ नका.

हे असं का होतं ते समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. पेंढा उष्णता अडवतो तो स्वतःच्या जोरावर नाही, काडीच्या पोकळ नळीत आणि काड्यांच्या मधे जी हवा अडकून बसते ती अडवते. पाणी हवेच्या वीसपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं. म्हणजे जिथे हवा होती तिथे पाणी शिरलं की इन्सुलेशन संपलं, सडायचं नंतर सडेल. कोरडा असला तर हाच पेंढा एवढा चांगला आहे की एक फूट जाडीच्या गठ्ठ्याएवढी उष्णता अडवायला विटांची भिंत दहा-बारा फूट जाड लागेल.

आता आकडे. भिंतीत जाणाऱ्या गठ्ठ्यात ओल १५ टक्क्यांच्या आत पाहिजे. अमेरिकेच्या घरबांधणी नियमावलीत २०१५ पासून पेंढ्याच्या भिंतींसाठी वेगळी पुरवणी आहे, तिच्यात गिलाव्याचा पहिला हात देताना ओल २० टक्क्यांच्या वर नको असं दिलंय. माझं म्हणणं, २० ही शेवटची हद्द समजा, तिथवर जाऊच नका, कारण गिलाव्याचं पाणीही गठ्ठा थोडं पितोच. २० च्या वर ओल टिकून राहिली आणि जरा ऊब मिळाली की बुरशी धरते.

ओल मोजायची कशी:
- गठ्ठ्यात खुपसायचा लांब सुईचा मीटर मिळतो, तो चार-पाच जणांत मिळून एक घ्या. सुई गठ्ठ्याच्या मधोमध गेली पाहिजे, कडेला टोचून उपयोग नाही.
- मीटर नसेल तर गठ्ठ्याच्या पोटातून १०० ग्रॅम पेंढा काढा, ओव्हनमधे १०५ अंश सेल्सिअसला वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा. १५ ग्रॅमपेक्षा जास्त घट आली तर गठ्ठा बाद.
- दहा-बारा काड्यांची जुडी धरून पिळा. कडकन तुटली तर ठीक. नुसती वळली आणि तुटेचना, तर अजून वाळवा.
- धान्यासाठी जुनी युक्ती आहे, काचेच्या बरणीत कोरडं मीठ आणि दाणे घालून हलवायचं, मीठ बरणीला चिकटलं तर ओल १५ च्या वर. बारीक कापलेल्या पेंढ्यावरही ती मला बऱ्यापैकी खरी वाटते, पण शंका आली तर मीटरचंच ऐका.

दवाचं विशेष सांगतो कारण तिथेच जास्त फसतात. सकाळी बेलर, म्हणजे गठ्ठे बांधायचं यंत्र, मोकळा मिळतो म्हणून लोक आठ वाजता सुरू करतात. रात्रीचं दव पेंढ्यावर असतं, वरची काडी सुकलेली दिसते आणि खालच्या थरात हात घातला तर गार लागतं. गार लागलं म्हणजे ओल आहे, सरळ हिशोब. दुपार होऊ द्या, ओळी एकदा उलटवा, मग बांधा. बेलरवाला घाई करत असेल तर त्याला उद्या बोलवा, त्याची घाई तुमच्या भिंतीत जाऊन बसणार आहे.

पावसाचा अंदाज असेल तर काय? शेतात वाळलेला पेंढा पडलाय आणि उद्या-परवा पाऊस सांगितलाय, तर आज जेवढा वाळलाय तेवढाच बांधा आणि संध्याकाळच्या आत छपराखाली न्या. उरलेला भिजला तर भिजला, त्याला भिंतीचा माल समजू नका, आच्छादनाला वापरा, कंपोस्टला टाका. एखादी हलकी सर येऊन गेली आणि लगेच दोन दिवस कडक ऊन पडलं तर रंग सोनेरी राहतो, तसला मोजून घेता येईल. पण करडा-काळपट पडलेला पेंढा कितीही वाळवला तरी नको, त्यात बुरशी आधीच शिरलेली असते, ती नुसती झोपलेली असते, पुन्हा ओल मिळाली की उठते.

बांधणीची नेहमीची कामं:
- धान्य नीट झडलंय का बघा, दाणे राहिले की उंदीर आलाच
- तण, हिरवी पानं, मातीची ढेकळं काढा
- काडी शक्य तेवढी लांब ठेवा
- दोऱ्या घट्ट, गठ्ठा उचलला तर मधे वाकायला नको
- घनता घनमीटरला १०० किलोच्या आसपास किंवा थोडी जास्त
- सगळे गठ्ठे एका मापाचे
- ओलीचा आकडा गठ्ठ्यावर चिठ्ठी लावून लिहा

आता साठवण. गंजी लावतात जमिनीवर, वरून प्लास्टिक टाकतात, चारी बाजूंनी खालपर्यंत ओढून दगड ठेवतात आणि वाटतं झालं काम. तसं होत नाही. जमिनीतली ओल खालच्या थरात चढते, उन्हाने आतली हवा तापते, वाफ वर जाऊन रात्री प्लास्टिकला लागून थेंब होतात आणि ते थेंब परत गठ्ठ्यावर. पाऊस एक थेंब न पडता वरचा थर भिजतो. म्हणून खाली लाकडाच्या फळ्या, ओंडके काहीही टाकून वीतभर उंची द्या, वर शक्यतो पक्कं छप्पर, ते नसेल तर ताडपत्री दोऱ्यांवर ताणून गंजीपासून हातभर वर ठेवा, बाजू उघड्या. बाजूने थोडं शिंतोडं आलं तर वाऱ्याने वाळतं. वरून गेलेलं पाणी मात्र सरळ पोटात जातं, वरून भिजलेला गठ्ठा वाचत नाही, तो उचलून बाजूला टाका.

आणि ओल्या गठ्ठ्यांच्या गंजीत नुसतं सडणं नाही, आगही असते. ओला माल आतून तापतो. गंजीच्या पोटात लोखंडी सळई खुपसून ठेवा, थोड्या वेळाने काढून हात लावा, हाताला सोसवेना तर सावध व्हा. आतलं तापमान ५५ अंशांच्या वर गेलं तर रोज बघायचं, ७० कडे गेलं तर पाणी आणि अग्निशमनची माणसं जवळ असल्याशिवाय गंजी उकलायला जाऊ नका, वारा लागला की पेट घेते.

कुठल्या पिकाचं काय वापरावं, थोडक्यात. गहू आणि भात सगळ्यात बरे. भाताच्या पेंढ्यात सिलिका (वाळूत असतं ते खनिज) जास्त म्हणून तो उशिरा सडतो. भाताचं तूस तर बेलरशिवाय वापरता येतं, छताच्या पोकळीत नाहीतर दुहेरी भिंतीच्या मधे भरायचं, सहज पेटत नाही, सडतही उशिरा, फक्त चाळून घ्या आणि भरताना तोंडाला मास्क लावा कारण ती धूळ छातीला वाईट. काही महिन्यांनी ते खाली बसतं, वरून भर घालायला जागा ठेवा. उसाच्या चिपाडाचे इन्सुलेशन बोर्ड अमेरिकेत लुइझियानात १९२० च्या दशकापासून कारखान्यात बनले आहेत, पण चिपाडात साखर राहते, ती घरच्या घरी वापरायच्या भानगडीत पडू नका. सोयाबीन, हरभरा, तुरीचा भुसा भिंतीत नको, शेंगवर्गीय पिकाच्या काडात नत्र जास्त, गव्हाच्या काडात कर्ब-नत्राचं प्रमाण ८० ला १ च्या आसपास असतं म्हणून सडवणाऱ्या जंतूंना त्यात जेवण नसतं, शेंगवर्गीयात असतं. ते जनावरांना घाला.

कापसाच्या पऱ्हाट्यांबद्दल वेगळं आणि जोरात सांगतो. पऱ्हाट्या पुढेमागे छताला वापरू म्हणून बांधावर रचून ठेवतात, त्यात किडकी बोंडं लटकलेली असतात आणि गुलाबी बोंडअळी त्यात सुप्तावस्थेत बसून पुढच्या हंगामाची वाट बघते. रचून ठेवायच्या नाहीत. लगेच श्रेडरमधून, म्हणजे बारीक तुकडे करणाऱ्या यंत्रातून, काढा, बोंडं नष्ट करा, मग तुकडे वापरायचे तर वापरा.

दुकानदार काय काय विकायला बघतात तेही ऐका. पेंढा वॉटरप्रूफ करायचं औषध म्हणून फवारा देतात. गठ्ठ्याच्या वरून फवारून आत काही जात नाही, उलट ओल अडकते, आणि फवाऱ्यातलं पाणी तुम्ही स्वतःच गठ्ठ्यात घालताय. दुसरं, शेतात पाचट कुजवायचं कल्चर विकतात, ते शेतासाठी ठीक असेल पण ज्या पेंढ्याचे गठ्ठे करायचे त्यावर चुकूनही नको, कुजवण्यासाठीच ते बनवलंय. युरियाचंही तसंच, चाऱ्यासाठी १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून देतात ही माहीत असलेली मात्रा आहे, तो पेंढा जनावरांचा, भिंतीत गेला तर पाणी आणि नत्र दोन्ही आपण हाताने पुरवलं. तिसरं बोरॅक्स, म्हणजे आग, बुरशी आणि कीड अडवायला मिसळतात ते बोरेट मीठ. कारखान्यात कागदाच्या लगद्याचं इन्सुलेशन बनतं त्यात बोरेट वजनाच्या १५ ते २० टक्क्यांपर्यंत असतं, तिथे गरज आहे. घट्ट बांधलेल्या, कोरड्या, दोन्हीकडून गिलावा झालेल्या गठ्ठ्याला मला तरी त्याची गरज दिसलेली नाही. आणि उंदरांसाठी भिंतीत गोळ्या ठेवा असं कुणी सांगितलं तर त्याच्या दुकानात परत पाय ठेवू नका, अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळीतून निघणाऱ्या वायूवर उतारा नाही, झोपायच्या खोलीच्या भिंतीत ती ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. तळाला बारीक जाळी ठोका, गिलाव्याच्या भेगा बुजवा, उंदीर थांबतो.

भिंतीत घालताना पुन्हा तोच विषय, पाणी. जोतं जमिनीपासून दीड फूट तरी उंच घ्या आणि जोतं व गठ्ठा यांच्या मधे ओल न चढणारा थर द्या. छपराची वळचण दोन-अडीच फूट बाहेर काढा. खिडकीच्या खालचा कोपरा हा सगळ्यात वाईट, पाणी तिथून मुरतं, खिडकीची बैठक बाहेरच्या बाजूला उतरती आणि भिंतीच्या पुढे आलेली पाहिजे. गिलावा मातीचा नाहीतर चुन्याचा (एक भाग चुना, तीन भाग वाळू), दोन्हीकडून निदान एक इंच. गठ्ठ्यांवर निव्वळ सिमेंटचा गिलावा करू नका, त्यातून वाफ बाहेर पडत नाही, भेगेतून पाणी आत जातं आणि आतच राहतं. बाहेरून प्लास्टिक पेंट तर अजिबात नको, चुना मारा. कोंबड्यांच्या शेडला वापरणार असाल तर आतली दमट हवा बाहेर जायला वर झरोके ठेवाच. शीतगृहाला हे गठ्ठे नकोत, बाहेरची गरम हवा आत शिरून गार बाजूला तिचं पाणी होतं, ते थेट पेंढ्यात.

हे जपलं तर भिंत किती टिकते ते बघा. अमेरिकेत नेब्रास्कातल्या आर्थर गावात १९२८ साली गठ्ठ्यांचं चर्च बांधलं ते अजून उभं आहे. फ्रान्समधे मोंतार्जी गावात १९२०-२१ मधे लाकडी सांगाड्यात गठ्ठे भरून घर बांधलं, तेही उभं आहे.

आगीबद्दल लोक घाबरतात. गिलावा झालेली भिंत चांगली तग धरते, अमेरिकेत २००६ मधे झालेल्या प्रमाणित चाचणीत चुना-सिमेंट गिलाव्याची भिंत दोन तास आणि मातीच्या गिलाव्याची एक तास टिकल्याची नोंद आहे. खरा धोका काम चालू असताना खाली पडलेल्या सुट्या काडाचा. रोज झाडून काढा, वेल्डिंग आधी उरकून घ्या, विडी-सिगारेट लांब, वायरी पाइपातून.

सगळाच पेंढा शेतातून उचलू नका. भाताच्या एक टन पेंढ्याबरोबर १४ ते २० किलो पालाश शेताबाहेर जातो, निदान तिसरा हिस्सा रानात राहू द्या असं माझं मत, हलक्या रानात निम्मा.

शेवटचं काम पहिल्या पावसाळ्यानंतरचं. गिलावा करतानाच खिडक्यांच्या खाली आणि पावसाच्या माऱ्याच्या भिंतीला तळाजवळ मीटरची सुई जाईल एवढी भोकं ठेवून बूच लावा. मोठा पाऊस झाला की आठवड्याने मोजा. १५-१६ आली तर काही करायचं नाही. २० च्या वर आली तर पंधरा दिवसांनी परत मोजा, उतरत नसेल तर पाणी कुठून येतंय ते आधी शोधून बंद करा, मग तेवढ्या भागाचा बाहेरचा गिलावा खरवडा, हात घालून काळा पडलेला पेंढा काढा, आत वारा लागू द्या आणि मोजून घेतलेला कोरडा पेंढा ठासून भरा. यासाठी दहा-वीस चांगले गठ्ठे छपराखाली राखून ठेवा.