मेंदू जतनाची प्रगती कशी मोजायची

देवणी किंवा लाल कंधारी वळूची रेतकांडी (गोठवलेल्या वीर्याची नळी) उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमधून काढली की 37 अंशांच्या पाण्यात 30 सेकंद धरतात आणि थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. निम्मे शुक्रजंतूही हालताना दिसले नाहीत तर खेप बाद. क्रायोनिक्समध्ये, म्हणजे पुढे कधीतरी उठवता येईल या आशेनं मृत माणसाचा देह किंवा मेंदू अतिथंडीत जपण्यात, ही शेवटची तपासणीच करता येत नाही, कारण एवढ्या थंडीत ठेवलेला माणूस अजून कुणी परत उठवलेला नाही. म्हणून प्रत्येक टप्प्याला वेगळं माप लावावं लागतं.

आधी मिनिटं

हृदय थांबल्यापासून रक्तपुरवठ्याविना मेंदू किती शिजला, ते आधी काढा. ढोबळ नियम असा की तापमान 10 अंशांनी उतरलं की नुकसानीचा वेग निम्मा होतो. 37 अंशांवरचा एक तास म्हणजे 60 मिनिटं, 27 वरचा 30, 17 वरचा 15. तिन्ही मिळून 105. एस-मिक्स नावाचं माप याच तत्त्वावर उभं आहे. नोंद दर 10 मिनिटांनी घ्या, दोन नोंदींची सरासरी धरा आणि तापमापीची तार नाकातून घशाच्या वरच्या भागापर्यंत सरकवा. कातडीवर चिकटवलेली तार फसवते: बर्फ कातडीला लागलेला असतो, मेंदू आत गरमच. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात दुपारचा पारा 42 अंशांच्या आसपास असतो. तिथं देह आपोआप निवेल ही आशा सोडा, बर्फाचं पाणी सतत हलतं ठेवा.

मग द्रावण

बर्फ होऊ नये म्हणून रक्ताच्या जागी गोठणरोधक द्रावण भरतात. ते मेंदूपर्यंत पोचलं का, हे मानेच्या शिरांतून परत येणाऱ्या द्रवावरून कळतं. उपकरण रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे ऊस नि द्राक्षवाल्यांचा ब्रिक्स मीटर. पण शेतातला 0 ते 32 चा इथं अपुरा पडतो. एम-22 सारखं द्रावण त्याच्या पट्टीबाहेर जातं. डावी-उजवी शीर वेगवेगळी मोजा. एक बाजू मागे राहिली तर गुठळी शोधा. आकडा उत्तम आला तरी मेंदू आक्रसलेला असू शकतो, कारण रक्त-मेंदू अडथळ्यातून पाणी बाहेर पडतं आणि द्रावण मात्र सावकाश आत शिरतं.

थंड केल्यावर सीटी स्कॅन करा: एम-22 मधल्या डीएमएसओ या रसायनातल्या गंधकामुळे द्रावण उजळ दिसतं, बर्फ गडद. एम-22 उणे 123 च्या आसपास काचेसारखं होतं. त्याखाली घाईनं उणे 196 ला नेलं की तडे जातात. म्हणून उणे 140 च्या जवळ साठवण्याचा आग्रह धरतात. तडे गेले का, ही नोंद बहुतेक दाव्यांत सापडत नाही. मुद्दाम विचारा.

दोन रकाने, बेरीज नाही

आता वहीत ‘रचना’ आणि ‘कार्य’ असे दोन रकाने आखा. 2016 मध्ये सशाच्या आणि 2018 मध्ये डुकराच्या मेंदूला ब्रेन प्रिझर्व्हेशन फाउंडेशनचं बक्षीस मिळालं. पद्धत: आधी पेशी जागच्या जागी जखडणारं ग्लुटराल्डिहाइड, मग गोठणरोधक इथिलीन ग्लायकॉल, साठवण उणे 135 ला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात चेतासंधी (मेंदूच्या पेशींमधले जोड) शाबूत दिसले. रचनेला जवळपास पैकीच्या पैकी, पण पेशी रसायनानं कायमच्या जखडलेल्या, म्हणून कार्याला शून्य. उलट 2023 मध्ये मिनेसोटात 100 दिवसांपर्यंत काचरूपात ठेवलेली उंदरांची मूत्रपिंडं प्रत्यारोपणानंतर चालली. तिथं कार्याला गुण, पण तो मेंदू नाही. 2006 मध्ये काचरूपातून जिवंत परत आणलेले उंदराच्या हिप्पोकॅम्पसचे (स्मृतीशी जोडलेल्या भागाचे) काप मेंदूचे खरे, पण कापच.

फोटो पाहताना जागा कुणी निवडली ते विचारा. बाहेरच्या थराचे चार देखणे फोटो पुरेसे नाहीत. आधी ठरवलेल्या यादृच्छिक जागा हव्यात, खोल भागातल्याही, आणि गरम केल्यानंतरच्या.

क्रायोनिक्समध्ये गोठवलेला पहिला माणूस जेम्स बेडफोर्ड जानेवारी 1967 पासून गोठलेला आहे. त्याच्या वर्षांची संख्या कुठल्याच रकान्यात लिहू नका. टाकी वेळेवर भरली जाते, एवढंच ती सांगते.