वाटा घरी आला की तुम्हीही शिकारीत: बागायतदारांनो, या चुका टाळा

पाच वर्षांपूर्वी माघातल्या एका सकाळी आमच्या मागल्या दारी केळीच्या पानात बांधलेलं मटण आलं. आणणारा वाडीतलाच, माझ्या लग्नात पंगतीला वाढणारा. "वयनी, तुमचो वाटो," म्हणाला आणि पुरचुंडी पायरीवर ठेवून निघूनही गेला. आदल्या रात्री मी दोन बार ऐकले होते. भेकर आमच्याच बागेत पडलं होतं, आणि जागेच्या मालकाचा वाटा पोचता करणं ही त्याच्या लेखी सचोटीची गोष्ट होती.

मी घाबरून ते मटण परसात पुरलं. ती माझी दुसरी चूक. पहिली म्हणजे बार ऐकून कूस बदलून झोपले. त्यानंतर वनखात्याचे लोक, एक वकील आणि गावातले जुने जाणते यांच्याकडून जे कळत गेलं, ते इथे लिहिते आहे. कोकणात आंबा-काजूची बाग असलेल्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी हे भोवतं.

"हरणाचा सीझन असतो ना?"

नसतो. हा प्रश्न मला एका शिकलेल्या मुलाने विचारला होता. मोबाइलवर अमेरिकेतल्या शिकारीचे व्हिडिओ बघून त्याचा समज झालेला. तिकडे राज्याराज्यांत ठरलेला हंगाम असतो, लायसन असतं, किती जनावरं मारायची यावर मर्यादा असते, अनेक ठिकाणी केशरी जॅकेट सक्तीचं असतं. बहुतेक राज्यांत रात्री बॅटरी मारून हरीण टिपणं तिकडेही गुन्हाच आहे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचं दारच बंद केलं. भेकर, सांबर (ज्याला आपण मेरू म्हणतो), चितळ, पिसोरी, यातल्या कशालाही हंगाम नाही.

शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं, असंही समजू नका. फास लावणं, विष घालणं, हाका घालून जनावर उठवणं, आमिष ठेवणं आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं, हे सगळं कायद्याच्या लेखी शिकारच. "लागलं नाही हो, पळालं," हा बचाव होत नाही. साध्या गुन्ह्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जनावर पहिल्या अनुसूचीतलं, म्हणजे कायद्याने सर्वाधिक संरक्षण दिलेल्या यादीतलं असेल तर किमान 3 आणि कमाल 7 वर्षं, दंड किमान 25 हजार. पिसोरी या अनुसूचीत आहे. सशाएवढं, जेमतेम तीन किलोचं जनावर. ते रात्री बॅटरीत दिसलं तर ससा की पिसोरी हे मारणाऱ्यालाही कळत नाही.

"आजोबा मारायचे, शिमग्याला अख्खं गाव रानात जायचं," हेही ऐकते. जायचं, खरं आहे. मुरुडजवळचं फणसाड जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं. 1986 पासून ते अभयारण्य आहे. नवाबाचं रान बदललं, तिथे आपल्या सड्याचं, म्हणजे कातळाच्या माळाचं काय!

शेतीसंरक्षणाची बंदूक म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे

माझ्या सासऱ्यांकडे ठासणीची बंदूक होती. परवाना शेतीसंरक्षणाचा. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, आटोपली की आणायची, एवढाच तिचा प्रवास. पण गावात अशा बंदुकीकडे सगळे शिकारीची बंदूक म्हणूनच बघतात आणि मागायला येतात. देऊ नका. ज्याच्या नावावर परवाना त्यानेच ती वापरायची. दुसऱ्याच्या हाती दिली तर शस्त्र कायद्याचा गुन्हा वेगळा, आणि शिकारीत ती सापडली तर जप्त होते. शिकारीत दोषी ठरलात तर न्यायालय त्या शस्त्राचा परवाना रद्द करू शकतं, आणि मग पाच वर्षं नवा मिळत नाही.

रानडुकराचं थोडं वेगळं आहे. पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकराला मारण्याची परवानगी वनक्षेत्रपालांकडे अर्ज करून मागता येते. ती लेखी असते आणि अटींसकट मिळते. डुकराचा कागद खिशात ठेवून भेकर मारणारे महाभाग मी पाहिले आहेत. तो कागद भेकराला चालत नाही.

बहुतेक घरांत एक गोष्ट राहून जाते. परवानाधारक वारला की बंदूक माळ्यावर तशीच पडून राहते. त्या दिवसापासून ती बिनपरवाना असते. विनाविलंब पोलीस ठाण्यात जमा करा, वारसाला हवी असेल तर त्याने नव्याने अर्ज करावा. आम्ही सात महिने विसरलो होतो. जमा करताना जी बोलणी खाल्ली ती अजून लक्षात आहेत.

वाटा घेणं

कोकणात शिकारीचं मटण विकलं जाण्याआधी वाटलं जातं. बार टाकणाऱ्याचा वाटा, हाका घालणाऱ्याचा, कुत्रेवाल्याचा, आणि ज्याच्या जमिनीत जनावर पडलं त्याचा. ही वाटणी गोड आहे, जुनी आहे, आणि तीच तुम्हाला अडकवते. वन्यप्राण्याचं मटण जवळ असणं हाच गुन्हा. तुम्ही मारलं की नाही, हा पुढचा प्रश्न. आणि वाटा एकदा घेतला की पुढच्या वेळी बार ऐकून तक्रार करायला तोंड उरत नाही. म्हणूनच तो पोचवला जातो, असं मला आता वाटतं. देणाऱ्याच्या मनात कपट नसेलही, पण परिणाम तोच.

मग दारात पुरचुंडी आली तर काय करायचं? उंबऱ्याच्या आत घेऊ नका. आणणारा समोर असेल तर परत करा, शांतपणे, शक्यतो कोणाच्या तरी देखत. ठेवून गेला असेल तर पुरू नका, कुत्र्याला घालू नका, वनरक्षकाला फोन करा. वन्यप्राणी जिवंत असो वा मेलेला, तो आणि त्याचं मांस ही सरकारची मालमत्ता. ती तुमच्या ताब्यात आली तर 48 तासांच्या आत पोलीस ठाण्यात किंवा वनखात्यात कळवायचं असतं. मी पुरलं तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. पुरावा मी स्वतःच मातीआड केला.

दिवे दिसले की काठी घेऊन धावणं

आधी दिवे कोणाचे ते ओळखा. मिरगाच्या पहिल्या पावसात व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेने बॅटऱ्या फिरतात त्या कुर्ल्या (खेकडे) पकडणाऱ्यांच्या. तो दिवा खाली असतो, दगडांवर वाकलेला, आणि बोलण्याचा आवाज येत राहतो. शिकाऱ्याचा झोत नजरेच्या उंचीने सड्यावरून फिरतो, मध्येच थांबतो, जनावराचे डोळे चमकले की तिथेच रोखला जातो. आवाज नसतो. कुर्लीवाल्यांवर पोलीस बोलावलेत तर वर्षभर गाव हसेल.

शिकारीच असतील तर जवळ जाऊ नका. हातात बंदूक, डोळ्यांसमोर अंधार, आणि चमकणाऱ्या कशावरही बार टाकायची तयारी. डुक्कर समजून सोबत्यालाच गोळी घातल्याच्या बातम्या आपल्याकडे येतच असतात. घरातून वनखात्याच्या 1926 या टोल फ्री नंबरवर आणि 112 वर फोन करा. वेळ लिहून ठेवा. किती बार, कोणत्या बाजूला, गाडी असेल तर तिचा नंबर. रानातल्या वाटेने आले तरी गाडी कुठेतरी डांबरी रस्त्याला उभी असते, ती बघायला मुलाला पाठवू नका, उजाडल्यावर टायरच्या खुणांचे फोटो काढा.

पकडून झाडाला बांधणं, मारणं, व्हिडिओ काढून पसरवणं, यातून शिकाऱ्याची केस बाजूला राहते आणि मारहाणीची व डांबून ठेवल्याची केस तुमच्यावर उभी राहते. मालमत्तेच्या बचावाचा हक्क कायद्यात आहे, पण त्याला मर्यादा आहेत. नुसता गडगा (बागेचं दगडी कुंपण) ओलांडला म्हणून कोणाचा जीव घेण्याचा हक्क कोणालाही नाही. वाईट हेतूने जागेत शिरण्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 खाली 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, एवढीच शिक्षा आहे. म्हणून तक्रार नुसती "बागेत घुसले" अशी देऊ नका. बार ऐकले, रक्त सांडलेलं आहे, काडतुसाचं टरफल पडलं आहे, हे सगळं लिहा, म्हणजे ती वन्यजीव कायद्यात जाते. टरफल उचलू मात्र नका. त्याच्याशेजारी आगपेटी ठेवून फोटो काढा आणि त्यावर घमेलं पालथं घाला.

बागेतला रखवालदार बाहेरचा असतो, अनेकदा नेपाळमधून आलेला. त्याला धमकी द्यायला सोपं जातं. त्याला शिव्या घालण्याआधी हे नंबर त्याच्या मोबाइलमध्ये भरून द्या, आणि रात्री बाहेर न पडण्याबद्दल तुम्ही बोल लावणार नाही हे त्याला स्पष्ट सांगा.

वाट बंद करणं

चिडलेला मालक दुसऱ्या दिवशी काय करतो? कवाडाला कुलूप. त्या कवाडातून पिढ्यान्‌पिढ्या गुरं सड्यावर जात असतात, बायका लाकडं आणि अळंबी आणायला जात असतात. वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 खाली तहसीलदार ती मोकळी करून देऊ शकतात, आणि गावाची सहानुभूती शिकाऱ्याकडे जाते ती वेगळीच. वाट ठेवा, वाटेवर पाटी लावा: खाजगी जागा, शिकारीला बंदी, खाली 1926.

सामाईक सातबाऱ्यावर आणखी एक घोळ होतो. "तुमच्या चुलत्यानेच जायला सांगितलं," असं उत्तर येतं. मुंबईतले सगळे हिस्सेदार गणपतीला येतात तेव्हा एका कागदावर सह्या घ्या, की आमच्यापैकी कोणीही शिकारीसाठी जागेत येऊ देणार नाही. शिकारीची परवानगी द्यायचा हक्क मुळात कोणालाच नाही, पण कागद असला की सबब संपते.

फासकी काढून फेकून देणं

गडग्याच्या ज्या खिंडारातून जनावर जातं-येतं तिथे क्लच वायरची फासकी लावतात. लावतात डुकराला, अडकतं भेकर, कधी बिबट्या. बिबट्या अडकला तर पहिली चौकशी जमीनमालकाची होते, म्हणून हंगामात पंधरवड्याने एकदा गडगा फिरून यावा. रिकामी फासकी दिसली तर फोटो काढा आणि वनरक्षकाला बोलावून त्याच्यासमोर ती काढा. अडकलेलं जनावर जिवंत असेल तर कुत्री आणि बघे लांब ठेवणं एवढंच आपलं काम. हरणवर्गातली जनावरं ताण सहन करत नाहीत. धरपकड आणि आरडाओरडा झाला की अंगावर जखम नसतानाही काही वेळाने मरतात. विहिरीत पडलेल्या भेकराचंही तेच. वनखात्याचे लोक येईपर्यंत काठावर गर्दी करू नका.

गवतात एकटं बसलेलं पाडस हे पोरकं नसतं. आई त्याला लपवून चरायला गेलेली असते आणि पाजायला परत येते. उचलून आणून बाटलीने दूध पाजलंत तर तुम्ही त्याला आईपासून तोडलंत, आणि वन्यप्राणी घरात ठेवल्याची केस आणखी वेगळी.

कुंपणात घरातली वीज सोडणं याबद्दल जास्त लिहीत नाही. त्यात माणसं मरतात. सौर कुंपणाचा झटका थांबून थांबून येतो आणि जनावराला मारत नाही; ते करा.

भिंतीवरची शिंगं आणि नुकसानीचा अर्ज

जुन्या घरांच्या पडवीत सांबराची शिंगं असतात. त्यांचं मालकी प्रमाणपत्र लागतं. 2003 साली केंद्राने 180 दिवसांत घोषित करण्याची संधी दिली होती, आपल्या पूर्वजांनी ती घेतली का, ते कागदांत शोधा. सापडलं नाही तर शिंगं विकायला काढू नका, कोणाला भेटही देऊ नका, वकिलाला विचारा. रानात झडलेलं शिंग सापडलं तर तेही तिथेच राहू द्या.

आणि जनावराने कलमांची नासधूस केली की ज्याला बंदूक आहे त्याला सांगू नका, अर्ज करा. तीन दिवसांच्या आत वनरक्षक, वनपाल किंवा वनक्षेत्रपालांकडे तक्रार जायला हवी. सातबारा, फोटो आणि पंचनामा होईपर्यंत नुकसान तसंच ठेवणं, एवढं सांभाळा. भरपाई उशिरा येते आणि कमी येते, हे मान्य. पण आमच्या वाडीत निम्म्या लोकांनी अर्जच केलेला नसतो आणि खात्याला शिव्या मात्र सगळे देतात.

त्या पुरचुंडीवाल्याला मी महिन्याभराने त्याच्या घरी जाऊन, त्याच्या आईच्या समोर सांगितलं, की बाबा, जागा आमची आहे, केस आमच्यावरही येते, पुन्हा बार ऐकला तर फोन करणार. आई काही बोलली नाही. तो उठून आत गेला. पुढचे काही हंगाम त्या घरातलं कोणी आमच्याकडे आंबे काढायला आलं नाही. लांबच्या गावातून माणसं आणावी लागली, आणि ती महाग पडली. यंदा तो आला. घळ (आंबे काढायची जाळीची काठी) घेऊन थेट झाडावर चढला, दुपारी पडवीत जेवला. त्या विषयावर आम्ही दोघंही अजून बोललेलो नाही.