खासगी ऑनलाइन शिकवणीतून बिझनेस इंग्रजी शिकताना या चुका टाळा

चाकण, रांजणगाव, हिंजवडी किंवा नाशिकच्या सातपूर-अंबड भागात नोकरी करणारे अनेक जण आज संध्याकाळी घरी आल्यावर लॅपटॉप उघडतात आणि एखाद्या खासगी शिक्षकाकडून बिझनेस इंग्रजी शिकतात. त्यांतले बहुतेक जण मन लावून शिकतात, तास बुडवत नाहीत आणि पदरचे पैसे मोजतात. तरीही काही महिन्यांनी परदेशी ग्राहकाचा फोन आला की त्यांची जीभ पूर्वीसारखीच अडखळते. अशा नोकरदारांना मी शिकवत आले आहे आणि त्यांची मेहनत कमी पडते, असे मला कधीच वाटलेले नाही. शिकवणीचा तास एकीकडे राहतो, कचेरीतले काम दुसरीकडे राहते आणि दोघांची गाठच पडत नाही. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुकांचे मूळ येथे आहे.

‘माझे इंग्रजी सुधारायचे आहे’ एवढेच सांगून सुरुवात करणे

पहिल्या तासाला शिक्षक विचारतो की तुम्हाला काय शिकायचे आहे, आणि विद्यार्थी म्हणतो, इंग्रजी सुधारायचे आहे. शिक्षकाकडे दुसरा काही आधार नसल्यामुळे तो पाठ्यपुस्तक उघडतो. मग विमानतळावरचे संवाद, छंद, आवडता चित्रपट असे विषय येतात. गप्पा रंगतात, तास आनंदात जातो, परंतु सोमवारच्या मीटिंगमध्ये त्यातले एक वाक्यही उपयोगी पडत नाही.

पहिल्या तासाआधी एक साधे टिपण तयार करावे. गेल्या पंधरा दिवसांत आपण इंग्रजीत कोणाशी बोललो, कशाविषयी बोललो, ते बोलणे फोनवर झाले की ईमेलवर, आणि नेमके कुठे अडलो, एवढे त्यात लिहिले तरी पुरते. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातील क्वालिटी इंजिनिअरचे उदाहरण घेऊ. सदोष माल गेल्याची तक्रार जर्मन ग्राहकाकडून येते आणि एट-डी (दोष शोधून दूर करण्याची आठ पायऱ्यांची) पद्धतीने अहवाल द्यावा लागतो. या पद्धतीच्या तिसऱ्या पायरीत तात्पुरता बंदोबस्त सांगायचा असतो, चौथीत मूळ कारण आणि पाचवीत कायमचा उपाय. ग्राहक फोनवर विचारतो की साठा तपासला का, आणि आपला इंजिनिअर उत्तर देतो, ‘यस सर, चेकिंग इज देअर.’ या उत्तरातून ग्राहकाला काहीच कळत नाही: तपासणी झाली आहे, चालू आहे की व्हायची आहे?

येथे काळांचे तक्ते पाठ करून घेण्याने फारसे साधत नाही. प्रत्यक्ष परिस्थिती समोर मांडावी लागते. गोदामातला माल तपासून झाला असेल तर ‘वी हॅव चेक्ड द स्टॉक इन अवर वेअरहाउस’, लाइनवरचा माल आत्ता तपासला जात असेल तर ‘वी आर चेकिंग द पार्ट्स ऑन द लाइन नाऊ’, आणि बोटीवरचा कंटेनर अजून पोहोचायचा असेल तर ‘वी विल चेक द कंटेनर व्हेन इट अराइव्ज’. तीन ठिकाणचा माल, तीन अवस्था आणि तीन काळ, असे एकदा जुळले की विद्यार्थ्याला क्रियापदाचे रूप आठवत बसावे लागत नाही, कारण त्याला ती अवस्था आधीच नीट ठाऊक असते. म्हणून माझा आग्रह असा आहे की प्रत्येक तासाला येताना चालू आठवड्यातले एक खरे काम घेऊन यावे, मग ते होऊन गेलेला फोन असो किंवा परवा होणारी मीटिंग.

पातळीच्या आश्वासनावर विसंबणे

‘तीन महिन्यांत बी१ वरून सी१’ अशी जाहिरात दिसली की सावध व्हावे. ए१ (नवशिका) पासून सी२ (सर्वांत वरची) पर्यंतच्या भाषाज्ञानाच्या या सहा पातळ्या युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या चौकटीतून आल्या आहेत, आणि केंब्रिजच्या परीक्षा मंडळाचा अंदाज असा आहे की अगदी सुरुवातीपासून बी१ गाठायला साधारण ३५० ते ४०० तास, बी२ ला ५०० ते ६०० तास आणि सी१ ला ७०० ते ८०० तासांचे मार्गदर्शित अध्ययन लागते. आठवड्याला दोन तास शिकणाऱ्याचे वर्षभरात जेमतेम शंभर तास होतात. हा हिशेब पाहून निराश होण्याचे मात्र कारण नाही. एक संपूर्ण पातळी चढायला वेळ लागतो. परंतु दर मंगळवारच्या उत्पादन आढाव्यात पाच मिनिटे न अडखळता बोलणे हे उद्दिष्ट ठेवले तर ते पुष्कळ लवकर गाठता येते. तेव्हा शिक्षकाशी ठरवताना पातळीऐवजी असे एखादे काम ठरवावे.

शिक्षकाची निवड उच्चारावरून करणे

अमेरिकन किंवा ब्रिटिश शिक्षकच हवा, असा हट्ट अनेकांचा असतो आणि त्यासाठी ते दुप्पट-तिप्पट शुल्क द्यायलाही तयार होतात. वास्तविक पुण्यातल्या इंजिनिअरचे बोलणे जर्मन, जपानी, कोरियन किंवा इटालियन माणसाशी होणार असते, आणि त्या दोघांपैकी कोणाचीही मातृभाषा इंग्रजी नसते. अशा संभाषणांचा अभ्यास करणाऱ्या भाषातज्ज्ञ जेनिफर जेन्किन्स यांनी २००० साली असे मांडले की काही ध्वनी चुकले तरी समजण्यात अडथळा येत नाही, तर काही ध्वनी चुकले की अर्थच बदलतो. ‘थिंक’मधला टी-एच पहिल्या गटात मोडतो. त्याच्यावर महिने घालवण्याची गरज नाही.

दुसऱ्या गटातली एक गोष्ट मराठी माणसाने आवर्जून शिकावी. इंग्रजी शब्दाच्या आरंभी येणारे प, ट आणि क श्वासाच्या झोतासह उच्चारले जातात आणि आपण ते मराठीच्या सवयीने झोताविना उच्चारतो. त्यामुळे आपला ‘पॅक’ परदेशी कानाला ‘बॅक’ वाटू शकतो. आपल्या भाषेत फ, ठ, ख हे महाप्राण आहेतच, त्यामुळे हा झोत आपल्याला परका नाही. तो थोडा येथे आणायचा एवढेच. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून ‘पार्ट’, ‘पॅक’, ‘पोर्ट’ म्हणावे आणि पट्टी हलते का पाहावे.

शिक्षकाची पात्रता तपासायची झाल्यास उच्चाराऐवजी शिकवण्याचे प्रशिक्षण पाहावे. केंब्रिजच्या ‘सेल्टा’ प्रमाणपत्रासाठी खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवून दाखवावे लागते आणि त्याचे मूल्यमापन होते, तर १२० तासांची म्हणून मिळणाऱ्या अनेक ऑनलाइन प्रमाणपत्रांत एकही तास प्रत्यक्ष शिकवावा लागत नाही. ऑनलाइन भाषाशिक्षक मिळवून देणाऱ्या ‘इटॉकी’सारख्या संकेतस्थळावर ‘कम्युनिटी ट्यूटर’ आणि ‘प्रोफेशनल टीचर’ असे दोन गट स्वतंत्र दाखवलेले असतात. बोलण्याचा निव्वळ सराव हवा असेल तर पहिला गट पुरेसा आहे, परंतु अहवाल, वाटाघाटी आणि सादरीकरण शिकायचे असेल तर दुसऱ्याकडे वळावे. सांगली-कोल्हापूरकडचा एखादा शिक्षक निर्यातीच्या व्यवहारात मुरलेला असेल, तर मी त्याला लंडनच्या नवख्या शिक्षकाहून अधिक पसंती देईन, कारण मराठी माणूस कुठे अडतो हे त्याला आधीच कळते.

शिक्षक बोलतो, विद्यार्थी मान डोलावतो

ही चूक फार सभ्यपणे घडते. शिक्षक उत्साही असतो, विद्यार्थी शिक्षकाचा मान राखणारा असतो, आणि तासातला बराचसा वेळ ऐकण्यात निघून जातो. परवानगी घेऊन एका तासाचे रेकॉर्डिंग करावे आणि आपण एकूण किती मिनिटे बोललो ते मोजावे. निम्म्याहून कमी भरली, तर पुढच्या तासाच्या आरंभीच शिक्षकाला तसे नम्रपणे सांगावे. त्यात त्याचा अपमान नाही, चांगला शिक्षक उलट आभारच मानील.

याच्याच जोडीला न समजताही ‘यस, यस’ म्हणण्याची सवय येते. मराठीत आपण ‘हो, हो’ म्हणतो तेव्हा पुष्कळदा ‘मी ऐकतो आहे’ एवढेच सुचवायचे असते, परंतु समोरचा ग्राहक ती संमती मानतो आणि पुढे त्या तारखेला माल मागतो. यावर उपाय म्हणून शिक्षकाला मुद्दाम भरभर, अस्पष्ट किंवा अर्धवट बोलायला सांगावे, आणि आपण दर वेळी थांबवून ‘लेट मी रिपीट दॅट टू बी शुअर’ असे म्हणत ऐकलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत परत सांगावी. सुरुवातीला हे कृत्रिम वाटते. तरीही करावे, कारण थांबवण्याचा संकोच शिकवणीत गेला तरच तो मीटिंगमध्ये जातो.

चुका दुरुस्त करण्याची पद्धतही आधीच ठरवून घ्यावी. प्रत्येक वाक्याला अडवणारा शिक्षक बोलण्याचा धीर खचवतो आणि काहीच न सुधारणारा शिक्षक चुका पक्क्या करतो. बोलणे चालू असताना शिक्षकाने सामायिक गूगल डॉकमध्ये चुका टिपाव्यात आणि शेवटच्या दहा मिनिटांत त्या परत म्हणवून घ्याव्यात, ही पद्धत मला सर्वांत उपयुक्त वाटते. ती टिपणे दुसऱ्या दिवशी आणि पुढच्या तासाआधी पुन्हा वाचली नाहीत तर विसरली जातात; विसरण्याचा हा वेग जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच मोजून दाखवला होता.

आकडे, तारखा आणि वेळ गृहीत धरणे

व्याकरणाची चूक ग्राहक सहज माफ करतो, आकड्याची करत नाही, आणि तरीही आकड्यांचा सराव जवळजवळ कोणीच मागत नाही. फोनवर ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत गोंधळ होतो, म्हणून आकडा सांगून लगेच ‘वन फाइव्ह’ किंवा ‘फाइव्ह झिरो’ असे सुटे अंक म्हणण्याची सवय लावावी. लाख आणि कोटी परदेशी ग्राहकाला कळत नाहीत. दहा लाख म्हणजे एक मिलियन आणि एक कोटी म्हणजे दहा मिलियन, हे रूपांतर बोलता बोलता जमले पाहिजे. जर्मनीत दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारांसाठी टिंब वापरतात, त्यामुळे तिकडच्या कागदावरील १.५०० ही संख्या दीड नसून दीड हजार असते. ०५/०६ हा दिनांक आपण पाच जून वाचतो आणि अमेरिकन माणूस सहा मे वाचतो. म्हणून ईमेलमध्ये महिन्याचे नाव अक्षरी लिहावे. एक संपूर्ण तास शिक्षकाला केवळ मापे, किमती, तारखा आणि टॉलरन्स (मापात चालणारा कमी-जास्त फरक) सांगायला लावावे आणि आपण ते ऐकून लिहावे.

आवाज आणि घड्याळ

शिक्षकाचे बोलणे कळत नाही म्हणून स्वतःच्या कानांना दोष देण्याआधी हेडफोन तपासावा. अनेक ब्लूटूथ हेडफोन मायक्रोफोन सुरू होताच फोनकॉलच्या दर्जावर उतरतात आणि एस, एफ यांसारखे बारीक ध्वनी धूसर होतात; साधा वायरचा इअरफोन येथे अधिक चांगला चालतो. झूमच्या मोफत खात्यावरची मीटिंग ४० मिनिटांनी बंद पडते, तेव्हा तासाभराच्या शिकवणीसाठी दुसरी लिंक तयार ठेवावी. शिक्षक ब्रिटनमध्ये असेल तर मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तेथील घड्याळ बदलते: हिवाळ्यात आपल्या साडेसातला होणारा तास उन्हाळ्यात साडेसहाला येतो आणि नेमकी तेव्हाच कचेरीतून निघण्याची घाई असते. वर्षाच्या आरंभीच यावर बोलून घ्यावे.

ईमेल एआयकडून लिहून घेणे आणि तेथेच थांबणे

चॅटजीपीटीने लिहिलेला ईमेल निर्दोष असतो. ग्राहक तो वाचून फोन करतो आणि पलीकडे त्याला वेगळीच व्यक्ती भेटते, त्यामुळे अवघडलेपण वाढते. माझा सल्ला एआय वर्ज्य करण्याचा नाही. आधी ईमेल स्वतः लिहावा, मग एआयकडून सुधारून घ्यावा, आणि दोन्ही मसुद्यांतले फरक शिकवणीत नेऊन ते का झाले हे शिक्षकाला विचारावे. त्यानंतर तोच मजकूर कागदाकडे न पाहता तोंडी सांगावा.

गुप्तता आणि पैसे

खरे काम तासाला घेऊन यावे असे वर म्हटले आहे, त्याला एक कडक मर्यादा आहे. कंपनीने ग्राहकाशी गोपनीयतेचा करार केलेला असतो आणि शिक्षक त्या करारात कोठेच नसतो. म्हणून ईमेल किंवा अहवाल दाखवण्याआधी ग्राहकाचे नाव, ड्रॉइंग क्रमांक, किमती आणि व्यक्तींची नावे बदलावीत, मूळ फाइल कधीही पाठवू नये, आणि कंपनीच्या स्क्रीनऐवजी स्वतःच्या टिपणावरून बोलावे. हे बदल विद्यार्थ्याने स्वतः इंग्रजीत केले तर तोही एक सराव होतो.

पैशांच्या बाबतीत एवढेच सांगते की घसघशीत सवलत मिळते म्हणून वर्षभराचे शुल्क आगाऊ भरू नये. आधी चार-पाच तासांचे पैसे द्यावेत, तास रद्द झाल्यास किती आधी कळवायचे आणि पैसे कसे परत मिळतात हे लेखी घ्यावे, आणि त्या तासांनंतर ठरवलेले एक काम, उदाहरणार्थ मंगळवारचा आढावा, पूर्वीपेक्षा सोपे गेले का ते पाहून मगच पुढचे पैसे भरावेत.