कटिंग आणलं, कुंडी रविवारी भरणार? मधल्या दिवसांत या चुका टाळा

नेरूळच्या मावशीकडून क्रोटनचं कटिंग, म्हणजे नवं झाड लावायला कापलेली फांदी येते, घोडबंदरच्या मैत्रिणीकडून मनी प्लांटची. माती आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मात्र सुट्टीच्या दिवशीच आणायला जमतं. तोवरच्या तीन-चार दिवसांत फांदी कशी ठेवली, यावर ती जगणार की नाही हे बरंचसं ठरतं. पुढे ती मेली की बोल लागतो मातीला.

सगळ्यांत जास्त नुकसान होतं ते सगळ्या फांद्यांना एकच नियम लावल्याने. मनी प्लांट, सिंगोनियम, कोलियस, क्रोटन यांच्या पानांतून पाणी उडत राहतं आणि ते भरून काढायला मुळं नसतात. त्यांना ओलावा हवाच. जेड, अ‍ॅडेनियम आणि निवडुंगाचं नेमकं उलटं. त्यांच्या खोडात पाण्याचा साठा असतो. ओल्या कागदात गुंडाळले की कापलेल्या जागेतून बुरशी आत शिरते. अ‍ॅडेनियमचा चीक पुसून घ्या (तो विषारी असतो, हात धुवा) आणि फांदी सावलीत, हवेशीर जागी उघडी ठेवा. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत कापलेला भाग सुकतो. जुलैत आपल्याकडची हवा इतकी दमट असते की आठवड्याहून जास्तही लागतो. दिवस मोजू नका, बोट लावून पाहा: जागा कोरडी आणि टणक लागली पाहिजे. ही झाडं मातीवाचून बरेच दिवस तग धरतात, त्यामुळे घाई करायचं काहीच कारण नाही.

पानवाल्या फांद्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गाठ मारून ग्रीलमध्ये ठेवल्या की उन्हाने आत वाफ धरते आणि पानं अक्षरशः शिजतात. रद्दीचा कागद भिजवा, पिळा, खालच्या टोकाला गुंडाळा. पिशवीला भोकं पाडा, तोंड सैल ठेवा, जागा सावलीची निवडा. ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीतून आणायच्या असतील तर सरळ मोठ्या डब्यात ठेवा.

भाजी टिकते म्हणून फांद्या फ्रिजमध्ये ठेवू नका. घरातली बहुतेक शोभेची झाडं उष्ण कटिबंधातली आहेत. 10 अंशांखाली त्यांच्या पेशींना इजा होते आणि बाहेर काढल्यावर पानं काळी, पाणचट पडतात. थंड प्रदेशात द्राक्ष किंवा अंजिराच्या पानगळ झालेल्या फांद्या थंडीत साठवतात. ती पद्धत मनी प्लांटला लावायची नाही.

पाण्यात ठेवताना निदान एक पेर (पान फुटतं तो सांधा) बुडलेलं हवं, पानं मात्र पाण्याबाहेर. बुडालेलं पान कुजतं आणि पाणी नासवतं. पाणी दर दोन दिवसांनी बदला. हे मी आग्रहाने सांगते, कारण डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. त्याची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, बाटली आतून घासायलाच हवी. पावसाळ्यात यात एकदाही हयगय नको.

जास्वंदीची पानं काढलेली काडी दोन दिवसांनी हातात घेतली की वरचं टोक कुठलं ते कळत नाही, आणि उलटी लावलेली काडी सहसा रुजत नाही. कापतानाच वरचं टोक सपाट आणि खालचं तिरकं कापा.

फांदीने मान टाकली असेल तर खालून दोन सेंटिमीटर नव्याने कापा, कळ्या-फुलं खुडा, मोठी पानं अर्धी करा आणि सावलीत काही तास पाण्यात उभी ठेवा. बऱ्याचदा संध्याकाळपर्यंत ती ताठ होते. खालचं एखादं पान पिवळं पडलं तर चिंता नको. खोड मऊ, काळं झालं असेल तर कात्रीची पाती स्पिरिटने पुसत, आत स्वच्छ रंग दिसेपर्यंत कापत जा. काळेपणा शेवटच्या पेरापर्यंत चढला असेल तर ती फांदी टाकून द्या आणि ज्या बाटलीत ती होती, त्यातल्या बाकीच्या फांद्यांचंही पाणी लगेच बदला.