सीएमडीबीत दोन सर्व्हरची एकच नोंद: दोष सिरियल नंबरचा

सर्व्हर दोन, पण सीएमडीबीत, म्हणजे आयटी यंत्रणेतल्या साधनांची नोंद ठेवणाऱ्या डेटाबेसमध्ये, नोंद एकच. प्रत्येक डिस्कव्हरीनंतर (नेटवर्कवरची मशीन आपोआप शोधून नोंदी ताज्या करणारी फेरी) त्या नोंदीतलं नाव आणि आयपी बदलायचा. हाताने दुसरी नोंद केली, डिस्कव्हरीच्या वेळा बदलल्या, उपयोग शून्य. फार वैताग आला.

दोन्ही लिनक्स मशीनवर रूटने (प्रशासक खात्याने) सिरियल नंबर दाखवणारी 'डीएमआयडीकोड -एस सिस्टम-सिरियल-नंबर' ही कमांड चालवली. दोन्हीकडे उत्तर एकच: 'डिफॉल्ट स्ट्रिंग'. असेंबल केलेल्या मशीनच्या बायोसमध्ये (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) सिरियल बहुधा भरलेलाच नसतो, आणि आमच्याकडे मशीनची नोंदीशी जुळणी आधी सिरियलवरच होते.

आधी 'डिफॉल्ट स्ट्रिंग' हा मजकूर मशीन ओळखण्याच्या नियमात सिरियल म्हणून अवैध ठरवला. जुळणी होस्टनेम आणि मॅक अ‍ॅड्रेसवर (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) ठेवली. मगच जुन्या नोंदीतला सिरियल पुसला. उलट क्रमाने केलं तर तो पुढच्या डिस्कव्हरीत परत येतो. नंतर एकेका सर्व्हरची वेगळी डिस्कव्हरी. दोन नोंदी दिसल्यावर 'रन्स ऑन' नाती (काय कोणत्या सर्व्हरवर चालतं ते) तपासून चुकीच्या सर्व्हरला चिकटलेला डेटाबेस हलवला. नाहीतर सर्व्हर बंद पडल्यावर इम्पॅक्टमध्ये, म्हणजे कशावर परिणाम होतो ते पाहताना, भलतीच सेवा बंद दिसते.