कांद्यातले थ्रिप्स खाणारे कोळी वावरात टिकवायचे कसे

फवारणीचा पंप काढायच्या आधी वावरात चार-पाच ठिकाणी कांद्याची मधली पात बोटानं फाकवून पाहा, थ्रिप्स (म्हणजे पातीचा रस शोषणारे बारीक फुलकिडे) त्या बेचक्यातच दडलेले असतात. पिवळसर, लांबट, हळू सरकणारी ती त्यांची पिल्लं. त्यातच एखादा फिक्कट, चकचकीत ठिपका भराभर पळताना दिसला की समजा शिकारी कोळी आहे, जाळ्यातला मोठा कोळी नाही, थ्रिप्सची पिल्लं खाणारा अगदी बारीक जीव. १०एक्सचं (दहापट मोठं दाखवणारं) भिंग घ्याच, नुसत्या डोळ्यानं ओळखू येत नाही. कोळी दिसला की आपण कोळीनाशक मारतो, पण रस शोषणारा लाल कोळी मंद असतो, जाळं विणतो. हा तसा नाही.

हा खातो मुख्यतः नुकती निघालेली पिल्लं, मोठा थ्रिप्स त्याला आवरत नाही, म्हणून पात पांढरी पडल्यावर त्याच्या भरवशावर राहू नका. थ्रिप्स अंडी घालतो पातीच्या आत अन् कोषात जातो मातीत, दोन्हीकडं फवारा पोचत नाही, मग औषध मारूनही थोड्या दिवसांत परत तेच. मातीतले कोष खाणारे कोळी वेगळे असतात, ते चांगलं कुजलेलं शेणखत असलं की टिकतात.

आपल्याकडं रब्बी कांद्याला खरी अडचण फेब्रुवारी-मार्चची. ऊन तापतं, हवा कोरडी होते, थ्रिप्सला ते मानवतं पण कोळ्याची अंडी सुकतात. तेव्हा ओळींच्या मधे सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) पातळ पसरा, ओल धरून राहते. स्प्रिंकलर असेल तर सकाळी चालवा, थ्रिप्स धुतले जातात आणि दिवसभरात पात वाळते म्हणून करप्याची (पात करपवणाऱ्या बुरशीची) भीतीही कमी. लागवडीच्या महिनाभर आधी धुऱ्याच्या (बांधाच्या) कडेनं चारी बाजूंनी मक्याच्या दोन ओळी पेरा, बाहेरून येणारे थ्रिप्स अडतात अन् मक्याचे परागकण कोळ्याला खायला होतात.

सगळ्यात जास्त कोळी मरतात ते लॅम्डा (लॅम्डा-सायहॅलोथ्रिन), सायपर (सायपरमेथ्रिन) सारख्या कीटकनाशकानं. शेजाऱ्यानं मारलं म्हणून आपणही मारायचं, हे कृपा करून बंद करा. झाडामागं सरासरी ३० थ्रिप्स होईपर्यंत थांबता येतं. मोजणी त्याच्या जवळ जायला लागली की आधी निंबोळी अर्क घ्या, संध्याकाळी, स्टिकर (औषध पातीला चिकटवणारं द्रावण) टाकून, कारण कांद्याची पात मेणचट असते, पाणी घसरून जातं. नोझल बेचक्याकडं धरा.